लेखातला ‘आपण’

मी लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. अमरावतीला मॅडमनी आम्हाला एक लेख दिला होता. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत पाठवावं, असं त्यात म्हटलं होतं. लेखक वाचकाला कसं पटवतो, ते आम्ही शोधायचं होतं. नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावची शाळा तशीच होती, आणि धाकटी बहीण तिथं तिसरीत होती.

मी लिहिलं: आमच्याकडे ‘आपन नाही येत’ म्हणजे ‘मी येत नाही’. हा लेखक मात्र ‘आपण’ म्हणून वाचकालाही ओढतो, मग निर्णय वाचकाचाच वाटतो. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं.

शेजारचा मित्र म्हणाला, “काहून बे, तुले पटलं का मंग?”

“पटवलं कसं, ते विचारलंय,” मी म्हणालो. आत काहीच हललं नाही.

गावात शाळेबद्दलचा सरकारी निरोप कधीच पोचला होता. मला तो रविवारी आईच्या फोनवरून कळला.

“शाळा बंद झाली, बाबू. दुसरी नाल्यापल्याड हाये. तुहे बाबा म्हन्तात, एकट्या पोरीले कसं धाडाव? घरीच हाये आता.”