कलम्याने जमवलेलं लग्न

चहा सांडला तर माणूस फडकं शोधतो. कलम्या आधी जबाबदारी कोणाची ते ठरवायचा. खरं नाव वेगळं; उठता-बसता कायद्याची कलमं सांगतो म्हणून आम्ही त्याला कलम्या म्हणायचो. वकिलीच्या परीक्षेत तो पुन्हा पुन्हा आपटला आणि शेवटी पनवेलच्या कोर्टाबाहेर एका नोटरीच्या टेबलाशी कागद टाइप करत बसला. पास झाला नाही ते एक बरं झालं. झाला असता तर लोकांनी पैसे मोजून नुकसान करून घेतलं असतं. आमचं फुकटात झालं.

नितीनची कंपनी तळोज्याला, माझं ऑफिस पनवेलला. तरी आम्ही तिघं राहायचो उरणकडच्या एका कोळीवाड्यात, अगदी किनाऱ्याला लागून. समुद्राजवळ डोकं शांत राहतं, असं कलम्याचं म्हणणं. त्याचं शांतच होतं, ताप आमच्या डोक्याला होता. शेजारी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो म्हणून त्याने घरमालकाला नोटीस धाडली. बोंबील घरमालकाच्याच बहिणीचे होते. पुढचे कित्येक दिवस आम्ही सार्वजनिक नळावरून पाणी भरलं. हंडा कलम्याने एकदाही उचलला नाही, कारण वाद न्यायप्रविष्ट होता.

प्रेमातही हेच. खारघरच्या एका मुलीला हॉटेलात भेटायला गेला आणि डोसा येण्याआधीच तिला विचारता झाला, "तुमच्यावर कुठली केस वगैरे चालू नाही ना?" ती पर्स उचलून निघून गेली. परत येऊन आम्हाला म्हणाला, "उत्तर टाळलं. म्हणजे काहीतरी आहे." दोन्ही डोसे मात्र खाऊन आला होता.

अशा माणसाला नितीन गुरू मानायचा. नितीन साताऱ्याकडचा, भला, पण स्वतःचं मत म्हणून नसलेला. त्याचं शेजारच्या दर्शनावर प्रेम बसलं. दर्शना बंदरावरच्या एका ऑफिसात नोकरीला होती, आणि तिची आई, यमुनाकाकू, बाजारात मासळी विकायची. जातीबाहेरचा, परगावचा मुलगा म्हणून काकूंनी वर्षभर नकार दिला. मग एके दिवशी स्वतःच आम्हा तिघांना घरी बोलावलं आणि नितीनच्या हातावर साखर ठेवली. "पोरीला सांभाल म्हंजे झालं," एवढंच म्हणाल्या. नितीनचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू.

कलम्याने पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. 'मी दिलेल्या संमतीपासून मागे हटणार नाही' असा मजकूर त्याने आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला होता. "काकू, इथे अंगठा चालेल," म्हणाला. काकू सातवी शिकलेल्या.

त्यांनी कागद नीट वाचला आणि परत दिला. "आमच्यात बोटी शब्दावर जातान दर्यात. मी साकर दिली, त्यावर इस्वास नाय. मंग मी पोरगी कोनच्या इस्वासान देऊ?"

झालं. लग्न मोडलं. इथेच थांबला असता तरी काकूंचा राग उतरला असता, कारण दर्शना घरात भांडत होती. पण कलम्या थांबला तर कलम्या कसला. त्याने नितीनच्या नावाने काकूंना वचनभंगाची नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टाने, शेजारच्या घरी.

नोटीस घेऊन दर्शना आमच्या दारात आली. आत आलीच नाही. "नितीन, हे तुला माहीत होतं?"

खरं म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण त्या गाढवाने तोंड उघडण्याआधी कलम्याकडे पाहिलं.

दर्शनाने ते बघितलं. "असू दे," ती म्हणाली. "आयुष्यभर तू माझ्याशी बोलायच्या आधी याच्याकडे बघशील. आई कागदासाठी 'नाय' बोलली, मी यासाठी 'नाय' बोलते." नोटीस उंबऱ्यावर ठेवून ती गेली.

"तोंडी नकार आहे, टिकत नाही," कलम्या म्हणाला. मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी उगारला होता, नितीनने धरला म्हणून राहिला.

नितीनने नोकरी सोडली. पनवेल स्टँडवर त्याला साताऱ्याच्या गाडीत बसवायला आम्ही दोघं गेलो. गाडी सुटल्यावर कलम्याला मनसोक्त शिव्या द्यायच्या, असं मी ठरवूनच गेलो होतो. गाडी हलली तसा कलम्या खिडकी धरून धावू लागला. "नित्या, अजून अपील आहे. मी करतो ना सगळं." नितीनने शांतपणे काच ओढून घेतली.

कलम्या तिथेच मधोमध उभा राहून रडायला लागला. हुंदके देऊन, लहान मुलासारखा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना न लाजता. मागून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्या काढत होता. नितीनवर इतकं प्रेम त्या सगळ्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणी केलं नसेल, दर्शनानेसुद्धा नाही. त्यानेच नितीनचा होऊ घातलेला संसार मोडला.

मी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं आणि उसाचा रस पाजला. असल्या माणसाला धड शिव्याही देता येत नाहीत.