पाव हिस्सा हवा

माह्या नवऱ्याचं नाव राजदीप. हो, घेते नाव! ज्याची गोष्ट सांगायची त्याचं नावच नाही घेतलं, तर ऐकणाऱ्याले कळन कसं? लोकायनं दात काढले तर काढू द्या.

बोरी अरबच्या बाजारात आमचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. माह्या सासऱ्यानं, मारोतीबुवानं, सुरू केलेलं. राजदीप दहा वर्षांचा होता तवापासून बापाजवळ बसला. पितळी पंपाचा एकच कायदा होता: पाऊण हिस्सा दवाई, पाव हिस्सा हवा. गळ्यापर्यंत भरला तर पंप चालत नाही, कारण दवाईले ढकलते थे हवाच. बुवानं पोराच्या पाठीत धपाटे घालून हे शिकवलं. पुढं त्याचा हात आपोआप थांबे, पाहा लागत नव्हतं.

बोंडअळीनं कापूस पोखरला त्या वर्षांत आमच्या दारात पंपायचा ढीग. लोकायचं पीक जाऊन राह्यलं अन् आमची चूल पेटून राह्यली, याची मले लाज वाटे. मग नवीन बियाणं आलं. म्हणे अळी लागतच नाही. फवारण्या कमी झाल्या, त्यात कापसाले भाव नाही. जुन्या पंपाले चामड्याचा नवा वायसर कोण टाकते? बाप-लेक दोघंही दुकानात माशा मारत बसत. मीच राजदीपच्या मागं लागली, "यवतमाळले एमआयडीसीत नवा कारखाना निघाला हाय म्हणतात, जा ना बाप्पा!" रोज टुमणं. शेवटी गेला.

बुवा बाजेवरून म्हणे, "जाय. येशील वापस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तू पंपाचा माणूस हायस." त्यायले राग आलता. मलेही आला, पण मी गिळला.

तिथं इंजनाचे कॅमशाफ्ट करत. मी विचारलं, "म्हणजे काय वो?" तर राजदीपनं लाटणं हातात घेऊन सांगितलं. इंजनात असा एक दांडा फिरते, त्याच्यावर जागोजागी उंचवटे असतात, अन् थे उंचवटे इंजनाच्या झडपा, वाल म्हणतात त्याले, उघडतात, बंद करतात. पहिले हा दांडा भरीव असे, जड. इथं पोकळ नळीचा करतात. नळी साच्यात ठेवायची, दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं अन् मशीननं त्या पाण्यावर असा दाब द्यायचा, की लोखंडाची नळी आतून फुगते अन् साच्यात जिथं खळगा तिथं उंचवटा तयार.

"भाकरीवानी फुगते?" मी म्हणलं.

"भाकर हवेनं फुगते, हे पाण्यानं," थो म्हणे अन् लय खूश झाला. इतका खूश मी त्याले लग्नातही पाह्यला नव्हता.

पण महिनाभरात चेहरा उतरला. दुसऱ्यायच्या पाळीत माल बरोबर निघे, याच्या पाळीत उंचवटे अर्धेमुर्धे, टोकं बसकी. तिथला फोरमन लखीराम. तांड्यावरचा माणूस, पुण्याकडं काम शिकून आलेला, मनानं चांगला. त्यानं मशीन तपासलं, नळ्या बदलून पाह्यल्या. काही सापडेना. शेवटी म्हणाला, "राजदीपभाऊ, सोमवारी एक पाळी अजून पाहू. नाही जमलं तर मले दुसरा माणूस लावा लागन." आता दुकानात तर एकाचंही पोट भरत नव्हतं. अन् याले पाठवलेलं मी! माह्या जिवाचं पाणी पाणी झालं.

इतवारी संध्याकाळी थो भिंतीले टेकून बसलेला. जेवत नाही, बोलत नाही. मी चिडली, "तोंड पाडून बसण्यापरीस स्टोव्हमध्ये रॉकेल तरी भरा!" उठला. भरू लागला. बाटलीत रॉकेल बाकी असताना थांबला अन् झाकण लावलं.

"पूर्ण भरा ना वो! अर्धवट काहून ठेवलं?"

"स्टोव्हले हवा लागते शीला. पाव हिस्सा जागा ठेवा लागते..." अन् बोलता बोलता गप्प झाला. बाटली हातात तशीच. मले वाटलं चक्कर आली.

"मी नळीतही ठेवून राह्यलो," थो म्हणाला.

नळीत पाणी भरताना वरचा कॉक उघडा ठेवतात. पाण्याबरोबर आतली हवा फसफस करत निघते. हवा सगळी जाऊन नुसती धार लागली की मंग कॉक बंद करायचा. लखीरामनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अन् राजदीपनं मान डोलावली होती. पण हात? हात बुवाचा. नळी पाऊण भरून फसफस सुरू झाली की हात कॉक बंद करे. आतली हवा दबत राहे, अन् मशीनचा सारा जोर तिच्यातच जिरे. नळीपर्यंत दाब पोचेच ना.

सोमवारचा माल बरोबर निघाला. पण हाताचा भरवसा नव्हता, म्हणून घरीही सवय सुरू झाली. लोटा भरला तर सांडेपर्यंत, पाहुण्याले चहा दिला तर बशीत तळं. आमची लेक दीपा म्हणे, "माय, बाबाले पाणी मागू नको, पूर येते!" आमी पोट धरून हसलो. नोकरी पक्की झाली.

पुढच्या साली पावसाळ्यात आमचं जुनं गिऱ्हाईक उत्तमसिंग आपला जुना पितळी पंप घेऊन आला. भाजीवर फवारा मारायचा होता. बुवाले तवा दिसत नव्हतं धड. राजदीपची बस यायले वेळ होता, म्हणून थो मोठ्या हौसेनं बसला. वायसर बदलला, पाणी भरलं, दांडा दाबला. दांडा हालेना. नोझलमधून एक चिळकांडी उडाली अन् बंद. पुन्हा खोललं. वायसर बरोबर, नोझल साफ.

बाजेवरून बुवा म्हणाले, "भरला किती?"

राजदीपनं आत पाह्यलं. पाणी गळ्यापर्यंत. थो माह्याकडं पाहून म्हणाला, "पंपाचा हात गेला वं, शीला."

मले वाटलं, बुवा आता टोमणा मारतील. नाही मारला. चाचपडत उठले, पंप मांडीवर घेतला, अंदाजानं पाव हिस्सा पाणी अंगणात ओतलं. दांडा मारला तसा फवारा सुरू झाला.

"बाबा, इतवारी मी पुन्हा बसतो तुमच्याजवळ," राजदीप म्हणाला. "येईन हातात."

"कायले?" बुवा म्हणाले. "इकडची खोड लागली तर तिकडं नळी बिघडन. जाय तू, बस निघून जाईन. पंपाचं मी पाहीन, मी हाय तवर."

राजदीप गेला. मी चुलीकडं तोंड करून लय रडली. याले कारखाना लागावा म्हणून मीच तर देवाले हात जोडत होती, अन् त्यात बुवानं दिलेला हात गेला.