गाठोबाची शेवटची गाठ

त्याला सगळे गाठोबा म्हणायचे, तेही तोंडावर. याच लोकांची एके काळी त्याला 'सरकार' म्हणताना मान वर होत नसे. तेव्हा त्याच्या कमरेला जाड सुती दोरी असायची. काळी विद्या म्हणावी तर त्याला एवढीच येत होती: माणसाचं नाव पुटपुटत दोरीला गाठ मारली, की त्या माणसाचा नकार गाठीत अडकायचा. मग त्याच्याकडे काहीही मागा, उत्तर एकच. बरं.

सगळं शहर बरं म्हणत होतं. न्हाव्याने आपली खुर्ची मागेल त्याला देऊन टाकली आणि गिऱ्हाइकांना पायरीवर बसवून दाढ्या करू लागला. शाळेतल्या बाईंनी एकाच तासाला तीन वर्ग घ्यायचं कबूल केलं आणि तासभर नुसत्या जिन्यावरून धावत राहिल्या. गाठ कापून टाकावी, तर तीही सोय नव्हती. कापलेल्या गाठीतला नकार कायमचा जायचा. ती बांधणाऱ्याच्याच बोटांनी सुटायची, आणि तीही उलट्या क्रमाने, शेवटची आधी.

असा हा सरकार पडला तो बुटामुळे. जन्मभर चपला घातलेल्या माणसाला नाडीच्या बुटांची हौस आली. बूटवाला म्हातारा जोड्याच्या आत गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवायचा. सरकार खाली वाकून नाडी आवळत असतानाच म्हाताऱ्याने विचारलं, नाव काय लिहू? सरकारने आपलं नाव सांगितलं आणि बोटांनी सवयीने नेहमीची गाठ मारली. संध्याकाळी पाय सुजला, नाडी सुटेना. काप, म्हणून त्याने हुकूम सोडला. पुढे काय होणार ते म्हाताऱ्याला कळलं होतं. पण हुकमाला नकार द्यायची सोय सरकारनेच कुठे ठेवली होती? बरं सरकार, म्हणत त्याने सुरी चालवली.

दुसऱ्या दिवशी एका बाईने त्याला भर बाजारात म्हटलं, माझी गाठ सोडा. सरकार म्हणाला, बरं. आणि आपणच दचकला.

मग रांगच लागली. अकराशे गाठी सोडवायला नऊ वर्षं गेली. मोकळी झालेली माणसं पहिला नकार कोणाला द्यायचा ते आधीच ठरवून यायची. न्हाव्याने तर गाठ सुटताच, रांगेत त्याच्याच खुर्चीवर बसलेल्या एकाला उठवलं. वर गाठोबाला कामं सांगायचीही सगळ्यांना सवय लागली. शिडी धर, पाणी भर, पोरांच्या खेळात गोलकीपर हो. बरं, बरं, बरं. त्याच्या नाकी नऊ यायचे, पण गाठी थांबल्या नाहीत.

शेवटी दोरीवर एकच गाठ उरली. ती पहिली होती, म्हणजे ताईची.

ताई त्याची थोरली बहीण, इस्त्रीचं दुकान चालवणारी. एकोणीस वर्षांचा असताना त्याने दुकानामागची खोली विद्येचा सराव करायला मागितली होती आणि ताईने साफ नकार दिला होता. त्या रागात त्याने ओल्या दोरीला दातांनी आवळून गाठ मारली. तेव्हापासून तो त्याच खोलीत राहत होता, तिच्याच हातचं जेवत होता. गाठ सुटली, की ताई पहिली गोष्ट काय बोलेल हे त्याला माहीत होतं. दुसरं घर त्याला नव्हतं.

बाकी प्रत्येक गाठ कोणीतरी सोडायला सांगितली होती. ताईने कधी सांगितलं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा इस्त्री उचलायची.

"ती सांगायची नाही," बूटवाला म्हणाला. "तिने सांगितलं की तू बरं म्हणशील. त्यात तुझं काय आलं?"

गाठोबाने त्याच्याकडून चामडं टोचायची आरी मागून आणली. साबणाच्या पाण्यात गाठ भिजवली, तेल सोडलं. उजव्या अंगठ्याचं नख उखडलं तेव्हा डाव्याने सुरू केलं. बोटं सांध्यांत आखडली होती, डोळ्यांना धागा दिसत नव्हता, म्हणून मिटल्या डोळ्यांनी चाचपत बसायचा. कामं सांगणाऱ्यांना बरं म्हणायचा, धावत जाऊन करायचा आणि परत येऊन दोरी हातात घ्यायचा. राहू दे आता, असं कोणी चुकून म्हणालं तर बरं म्हणावं लागेल, या धास्तीने तो खोलीला आतून कडी लावू लागला. पाच महिने त्याने एकच गाठ कोरली.

एका दुपारी आरीचं टोक आत शिरलं, पेड सैल झाला आणि दोरी सरळ झाली.

बाहेर एक गिऱ्हाईक ताईला सांगत होतं, की चार शर्ट आत्ताच्या आत्ता हवेत. ताईने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "नाही," ती म्हणाली. गिऱ्हाईक गेल्यावरही ती तो शब्द तीन-चारदा, चव घेतल्यासारखा, हळू म्हणत राहिली.

गाठोबा दारात येऊन उभा राहिला. पिशवी भरलेलीच होती.

"ताई, राहू का मी इथे?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

बूटवाल्याने दुकानातल्या बाकावर झोपायला जागा दिली. पुढची चार वर्षं गाठोबा तिथे बुटांना नाड्या ओवत होता. गाठ मात्र गिऱ्हाइकाने आपली आपण मारायची, हा त्याचा नियम. पोरांनी बूट पुढे केले, की बूटवालाच ओरडायचा, त्याला सांगू नका रे, तो बरं म्हणेल. ताई रस्त्यावरून जायची. आत येतेस का, तो रोज विचारायचा. ती रोज नाही म्हणायची आणि त्याचा चेहरा उजळायचा. म्हाताऱ्याला वाटायचं, याचं डोकं फिरलंय.

मग तो बाकावरून उठेनासा झाला. बूटवाल्याने निरोप धाडला आणि ताई दुकान तसंच टाकून आली. ती त्याच्या उशाशी उभी राहिली. दुपार कलली.

"जा आता ताई," तो पुटपुटला. "इस्त्री तापत पडली असेल. गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

"नाही," ताई म्हणाली, आणि तिने बूटवाल्याचं स्टूल ओढून घेतलं.

"बरं," गाठोबा म्हणाला.