एक टेम्पो हवा

१८ नोव्हेंबर. आजचं काम : जांभूळ गावच्या जाऊबाईंचा पेंढा अंबरनाथच्या कारखान्यावर पोचवणे. तिथे त्यापासून गाड्यांचं इंधन करतात. शेत मोकळं करून वाल पेरायचा होता. जाऊबाईंनी बजावलं, "भाडं जाऊन काही उरलं तर बघू. नाहीतर उद्या काडी लावते." गेल्या वर्षीच्या धुराने भाऊजी महिनाभर खोकत होते.

टेम्पो उडवीएवढा (पेंढ्याच्या रचलेल्या ढिगाएवढा) दिसत होता. खरवईत नव्या इमारतींपाशी केबलची तार आडवी आली. चालक रफीकभाईंनी बांबूने ती उचलली. "मॅडम, बारात निकली है अपनी!"

अंबरनाथच्या वजनकाट्यावरचा माणूस आकडा बघून हसला. "ताई, पेंढा आणला की हवा?"

"चांगले शंभर भारे आहेत."

"भारे गावात मोजा. इथे वजन लागतं. दाबून गठ्ठे आणा."

चूक आमचीच. गावात पेंढा कुणी कधी तोलत नाही; भारा म्हणजे भारा. टेम्पोवाला फेरीचे पैसे घेतो, कारखाना वजनाचे देतो. भाडं जेमतेम सुटलं, आणि निम्मा पेंढा अजून शेतातच होता.

जेवायला उल्हासनगरात थांबलो. दाल-पकवान झकास होतं. शेजारीच रफीकभाईंच्या ओळखीचे सिंधी रद्दीवाले होते. त्यांच्याकडे पुठ्ठा दाबायचं मोठं यंत्र होतं.

"इथे आणून दाबलं तर?" मी विचारलं.

"फिर हवाच आणणार ना, बाई?" त्यांनी कोपऱ्यातल्या गंजक्या हातयंत्राकडे बोट दाखवलं. "हे न्या. गाडी तर रिकामीच चाललीय. पेंढा संपला की वापस."

परतताना तेच डोक्यात होतं. माल कारखान्यात नाही, शेतातच लहान करायला हवा. हे काट्यावर जायच्या आधी सुचलं असतं, तर एक फेरी वाचली असती.

१९ नोव्हेंबर. सकाळी यंत्र खळ्यावर (मळणीच्या जागेत) मांडलं. दांडा माझ्याने हलेना. काडीपेटी पदराला बांधून उभ्या असलेल्या जाऊबाई पुढे झाल्या आणि दांड्यावर सगळा भार टाकून रेलल्या.

"डॉक्टर म्हणतो वजन कमी करा. आता बोलाव त्याला!"

काल एका हाताने भारे फेकणारे रफीकभाई गठ्ठा उचलायला गेले आणि मट्कन खाली बसले. "अरे, ये तो पत्थर है!"

मी जाऊबाईंच्या पदराची गाठ सोडून काडीपेटी घेतली आणि चहासाठी चूल पेटवली.