सिस्टरच्या आईकडचं जेवण

खोबरेल तेलात तळलेल्या केळ्याच्या वेफर्सचा वास आला की मला आमच्या नालवाडीच्या घरातली ती दुपार आठवते. नवरा आणि मी चार दिवस कोचीला जाणार होतो, तेही मुख्यतः खायला. शेजारच्या सिस्टर मूळच्या तिकडच्या, पण नर्सच्या नोकरीत त्यांचा अर्धा जन्म वर्ध्यातच गेलेला. वेफर्सची पिशवी फोडून त्या आम्हाला सांगत होत्या, अप्पम कुठे खायचे, जुन्या बंदरापाशी मासे कुठे चांगले मिळतात. मग म्हणाल्या, "एक दिवस माह्या आईकडे जेवजा. एकटीच राह्यते, लय खूश होईन." तेवढ्यात रोहण्याहून आलेली माझी आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं बोलली, "लोकायच्या घरी काऊन जेवता? त्यायच्या भांड्यात काय काय शिजत असन!" मी वेफर्सकडे बघत बसले. सिस्टर मात्र हसून म्हणाल्या, "काळजी नका करू मावशी, मी आईले सांगून ठेवीन." कोचीला गेल्यावर आम्ही त्यांच्या आईकडे गेलो. म्हातारीला मराठी येत नव्हती. तिनं आमचे हात धरून आम्हाला आत नेलं आणि जेवायला बसवलं. समोर स्टीलची दोन कोरी ताटं होती, दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. गॅसवरची पातेलीही नवीच होती. स्वतःसाठी तिनं एक जुनं ताट घेतलं आणि ती आमच्यापासून जरा लांब जाऊन बसली. कोचीत कुठे काय खाल्लं ते मी आजही लोकांना रंगवून सांगते. त्या घरात मी काय जेवले, ते मात्र मला सांगता येत नाही.