लाल न होणारे पाय

सौदीतल्या जिझानजवळच्या आमच्या कामगार कॅम्पच्या क्लिनिकमध्ये भिंतीवर एका पावलाचं चित्र आहे. गुलाबी, मऊ, उन्हात कधी न गेलेलं पाऊल. टाचेजवळ लाल डाग आणि खाली अरबी, इंग्रजी, उर्दूत सूचना: शुगर असेल तर रोज पाय बघा, लाली दिसली तर लगेच दाखवा. त्या चित्रापुढे उभं राहून दर गुरुवारी शुगरवाल्यांचा वर्ग घेणं हे माझं काम. मी इथला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, मूळचा रत्नागिरीकडचा. वर्गात मी नाकाने कांदे सोलतो असं माझा रूममेट म्हणतो, आणि त्याचं फारसं चुकत नाही.

वर्गाला नेपाळी यायचे, केरळचे यायचे, आपले कोकणातले फिटर मागच्या रांगेत शेंगदाणे खात बसायचे. सुदानी मात्र फिरकत नसत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना शुगर होती. गोळ्या माझ्याच हातून जायच्या. क्लिनिकची पायरी चढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण असं सगळ्याच कामगारांना वाटतं, कारण रिपोर्ट बिघडला तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही गेला आणि पगारही. पण बाकीचे तरी येतात, मग हेच का नाहीत? मला आधी राग आला. माझा राग टिकत नाही, चौकसपणा मात्र टिकतो.

अशाच एका मंगळवारी त्यांच्यातले एक ट्रेलर ड्रायव्हर क्लिनिकमध्ये आले होते. साठीकडे झुकलेले, मी त्यांना चाचा म्हणायचो. शुगरपायी डाव्या पायाचा अंगठा दोन वर्षांपूर्वी कापावा लागला होता. त्यांनी उजवा मोजा काढला आणि बघ म्हणाले. ब्रेकचा पाय हा. तो गेला की ट्रेलर गेला आणि थेट घरचं तिकीट, हे त्यांनी न सांगताही मला माहीत होतं. मी वाकून बघितलं. जखम नव्हती, लाली नव्हती. कागदावर ‘ठीक’ लिहून सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

दोनच दिवसांनी, गुरुवारी, गोळ्या न्यायला त्यांचा एक दोस्त आला, फोर्कलिफ्ट चालवणारा उंच सुदानी. तुम्ही लोक वर्गाला का येत नाही, असं मी त्यालाच विचारलं. तो हसला. आमचा वर्ग उद्या असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजनंतर टायरच्या शेडमागे असतो, येऊन बघ, म्हणाला.

मी गेलो. दहाबारा जण चटईवर बसले होते. किटलीत बिनसाखरेचा लाल सरबतासारखा चहा होता, आंबट ढाण. सुदानी माणूस बिनसाखरेचं काही पितो हेच मला नवीन होतं. मग एकेकाने मोजे काढले आणि दोघादोघांच्या जोड्या करून पाय एकमेकांपुढे केले. या मुलखात दुसऱ्याला तळवा दाखवणं म्हणजे अपमान. इथे तर तळवे सरळ समोरच्याच्या मांडीवर होते, आणि गप्पा फुटबॉलच्या चालल्या होत्या. प्रत्येक जण उलट्या हाताने आधी एक पाऊल चाचपायचा, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. घरी मुलाला ताप आहे का बघतात, तसं.

हे काय करता, असं मी विचारलं. फोर्कलिफ्टवाल्याने मला उलटा प्रश्न केला, की तुझ्या भिंतीवरचा तो पाय कुणाचा आहे? मग त्याने सावकाश समजावलं. आमचे पाय लाल होत नाहीत. सुजले की काळ्यावर काळे होतात, चमकतात, आणि ते दिसायच्या आधी गरम होतात. डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. चाचांचा अंगठा गेला तेव्हा सगळे मिळून शिकले होते.

मी माझ्याच पायाकडे बघितलं. तोही काही गुलाबी नव्हता. इतकी वर्षं मी कुणाला काय शिकवत होतो? उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी, आणि तोही उंटांच्याच देशात.

चाचा एका कडेला मोजे घालूनच बसले होते. फोर्कलिफ्टवाला त्यांचा जोडीदार. तो त्यांच्यापुढे जाऊन बसला, तर चाचांनी खिशातून माझा कागद काढून दाखवला. त्याने तो वाचलाही नाही. उजवा मोजा ओढून काढला, माझा हात धरला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. मग डाव्यावर. उजवा चांगलाच गरम होता.

त्याच संध्याकाळी क्लिनिकच्या गाडीतून आम्ही त्यांना शहरातल्या हॉस्पिटलला नेलं. आत पू झाला होता. डॉक्टरांनी चिरून काढला आणि म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर पाय वाचला नसता. ते चार दिवस मला अजून छळतात, कारण त्याआधीचे तीन माझ्या सहीने गेले होते.

चाचा पंधरा दिवसांनी दोन्ही पायांवर चालत कॅम्पमध्ये परत आले. मी त्यांच्या खोलीवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत चारदा घोकलं होतं.

“त्या मंगळवारी मी हात लावायला हवा होता, चाचा,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. मला माफ करा.”

त्यांनी पायावरची पट्टी नीट केली. मग म्हणाले, “पाय गरम आहे, सरळ हॉस्पिटलला जा, असं जोडीदाराने मला सोमवारीच सांगितलं होतं. पण मागच्या वेळी हॉस्पिटलला गेलो तो अंगठा तिथेच ठेवून आलो. मला ठीक लिहिलेला कागद हवा होता.”

“मग?”

“तू हात लावत नाहीस, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तुझ्याकडे आलो.”