उरलेलं औषध

बोईसरच्या त्या छोट्या हॉस्पिटलात मी भूल द्यायला जायचे, तेव्हा औषध फुकट जाताना पाहिलं की माझं डोकं फिरायचं. लहानशा ऑपरेशनसाठी मोठी बाटली उघडायची, निम्मी वापरायची आणि उरलेली बेसिनमध्ये ओतून मोकळं व्हायचं. मी भांडून लहान बाटल्या मागवायला लावल्या. रुग्ण टेबलावर आल्याशिवाय काही उघडायचं नाही, असंही बजावलं. थिएटरच्या सिस्टरने हे फार मनावर घेतलं. ती सातपाटीची, विकून उरलेली मासळी खारवून ठेवणाऱ्या घरातली. काही टाकायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

आमच्याकडे औषधं नातेवाइकांनीच खालच्या मेडिकलमधून आणायची पद्धत. विमा असलेल्यांचं अडत नसे. पण जव्हारकडची माणसं चिठ्ठी घेऊन जिन्यातच थबकायची, आणि ते बघून सिस्टरला गलबलून यायचं. तिने आपल्या मनाने एक सोय काढली. विमावाल्याच्या बाटलीत उरलेलं भुलीचं पांढरं औषध ती सिरिंजमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवायची आणि गरिबाच्या चिठ्ठीतून ते नाव खोडून टाकायची. सिरिंज भरून हातात द्यायचं काम तिचंच, त्यामुळे मला याचा पत्ताही नव्हता. कळलं असतं तर मी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. ते औषध तेलकट असतं, एकदा उघडलं की त्यात जंतू भराभर वाढतात, मग फ्रिज असो नाहीतर आणखी काही. आधीच कमी उघडणं ही काटकसर. उघडलेलं साठवणं ही नव्हे.

एका दुपारी वीटभट्टीवर पडून हात मोडलेली तरुण बाई आली. मी पालघरला दुसऱ्या केसमध्ये अडकले होते. माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांनी सिस्टरने दिलेली सिरिंज ताजी समजून टोचली. हाड छान बसलं. दुसऱ्या दिवशी बाईला हुडहुडी भरली, मग ताप चढला, मग रक्तदाब उतरत गेला. मी धावत आले, हाताला जखम नव्हती, ताप कशाचा ते कळेना. तेव्हा सिस्टरने मला फ्रिजपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायला वेळच नव्हता. आम्ही करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, पण बाई गेली.

मालक डॉक्टरांचं म्हणणं पडलं की बाईच्या नवऱ्याला एवढंच सांगा, जंतुसंसर्ग झाला. सिस्टर म्हणाली, "नाय. त्याला मीच सांगनार." मला तिचा राग येत होता आणि तिला एकटीला पाठववतही नव्हतं, म्हणून मी बरोबर गेले.

नवरा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. सिस्टर त्याच्यासमोर खालीच बसली आणि तुझा खर्च वाचावा म्हणून दुसऱ्याचं उरलेलं औषध दिलं, असं तिने सरळ सांगितलं. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, नवीन आणलं असतं तर ती जगली असती का? मी म्हटलं, बहुधा जगली असती.

त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. आवाज चढवला नाही.

"मंग मला आनायला का नाय सांगितलं? मी आनलं असतं."